विश्लेषण : परिचारिकांचे संशोधन कपाटात का राहते? ते शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध कसे होते?

नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. या उपचाराचा धागा एका परिचारिकेच्या निरीक्षणापर्यंत जातो, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. रुग्णाच्या खाटेजवळ सर्वाधिक वेळ परिचारिका असतात. त्यांना जे दिसते, जे मोजता येते, त्यातले बरेचसे वॉर्डातच राहते. एमएस्सी नर्सिंगचा प्रत्येक विद्यार्थी संशोधन करून प्रबंध सादर करतो, पण पदवी हाती आल्यावर तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. हे काम इतरांपर्यंत पोहोचवायचे तर काय करावे लागते? वाटेत कोणते अडथळे आणि कोणते सापळे आहेत? आणि त्याचा रुग्णाशी काय संबंध?

निरीक्षण सिस्टरांचे, शोधनिबंध डॉक्टरांचा?

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांच्या विभागाची जबाबदारी सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होती. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे उबदार दिवसांत त्या बाळांना अंगणात नेत. एकदा राउंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. सगळे अंग फिकट झाले होते, फक्त एका जागी त्रिकोणी आकाराचा गडद पिवळा डाग होता. चादरीचे टोक जिथे अंगावर होते तिथली कावीळ तशीच राहिली होती. ऊन लागलेल्या त्वचेवरचा पिवळेपणा उतरला होता.

त्या दिवशी विषय तिथेच थांबला. पुढे काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीतल्या उन्हात राहिली आणि तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले, तेव्हा धागा जुळला. रुग्णालयात कृत्रिम प्रकाशाचा पाळणा तयार झाला, बाळांवर पद्धतशीर मोजमाप झाले आणि १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स अशी तीन नावे आहेत. सिस्टर वॉर्ड यांचे नाव लेखकांत नाही. त्यांचा वाटा जगाला कळला तो त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून.

या घटनेत दोन गोष्टी आहेत. पहिली, वॉर्डातील निरीक्षणाला मोजमापाची जोड मिळून ते छापले गेले, म्हणून उपचार एका रुग्णालयाबाहेर पडला. दुसरी, ज्याने लिहिले त्याचे नाव राहिले. परिचारिकांच्या संशोधन-प्रकाशनाचा प्रश्न आजही या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

छापून आल्याने रुग्णाला काय मिळते?

याचे सर्वात जुने उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य आजारांनी जास्त मरत होते, हे त्यांनी आकडे आणि आकृत्या छापून ब्रिटिश सरकारपुढे मांडले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य ठरल्या.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९६२ मध्ये, ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणारे बेडसोअर टाळण्यासाठी तेव्हा त्वचेवर नाना प्रकारचे लेप चोळले जात. रुग्णाची कूस नियमित बदलून दाब कमी करणे हे त्याहून महत्त्वाचे, हे या अभ्यासाने दाखवले. कोणत्या रुग्णाला धोका जास्त हे ओळखण्यासाठी गुण देण्याची पद्धतही त्यातूनच आली. पुढे १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिका-संशोधकांची ‘ब्रेडन स्केल’ प्रसिद्ध झाली. संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण अशा सहा बाबींवर रुग्णाला गुण द्यायचे. गुण जितके कमी तितका धोका जास्त. भारतातील अनेक रुग्णालयांच्या आयसीयूमध्ये आज हाच तक्ता भरला जातो.

धोरणाच्या पातळीवरचे उदाहरण लिंडा आयकेन यांचे. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील ९ देशांतील ३०० रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. हा परस्परसंबंध आहे, थेट कार्यकारणभाव सिद्ध झाला असा त्याचा अर्थ होत नाही. तरी परिचारिकांच्या भरतीची मागणी करताना हातात आकडा असणे आणि नसणे यात मोठा फरक पडतो.

महाराष्ट्रात संशोधन होते कुठे?

भारतात नर्सिंगमधील पदव्युत्तर शिक्षण १९५९ मध्ये दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर नर्सिंग महाविद्यालयात सुरू झाले. आज महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. एमएस्सी नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मेडिकल-सर्जिकल, स्त्रीरोग व प्रसूती, बालआरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या त्यातील मुख्य शाखा. प्रत्येक विद्यार्थ्याला विषय निवडणे, सिनॉप्सिस मंजूर करून घेणे, माहिती गोळा करणे आणि प्रबंध लिहिणे बंधनकारक असते. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनाही संशोधन आणि सांख्यिकी हा विषय असतो आणि गटाने प्रकल्प करावा लागतो.

म्हणजे संशोधन होत नाही, असे नाही. अडते ते पुढच्या टप्प्यावर. प्रबंधाला मार्क मिळाले, एक्स्टर्नल परीक्षकांची सही झाली की विद्यार्थ्याच्या दृष्टीने काम संपते. लगेच नोकरी सुरू होते, अनेकांचे शहर बदलते, गाइडशी संपर्क तुटतो. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात कुणालाही वाचता येतात. एमएस्सीच्या प्रबंधांना देशभर लागू असलेली तशी व्यवस्था नाही. परिणामी नागपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने जो प्रश्न हाताळला तोच सांगलीची विद्यार्थिनी तीन वर्षांनी पहिल्यापासून हाताळते आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नसतो.

सगळेच प्रबंध छापण्याजोगे असतात का?

नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नर्सिंगच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे: ‘शहरातील निवडक रुग्णालयांतील अमुक गटाच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’. चाळीस-साठ जणांना प्रश्नावली द्यायची, एक व्याख्यान किंवा व्हिडिओ दाखवायचा, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात, सांख्यिकी चाचणी ‘लक्षणीय फरक’ दाखवते, प्रबंध पूर्ण होतो.

शिकवल्यावर लगेच गुण वाढणे यात नवल नाही. चांगल्या जर्नलचा संपादक पुढचे प्रश्न विचारतो. तुलनेसाठी दुसरा गट होता का? तीन महिन्यांनी ते ज्ञान टिकले का? त्या ज्ञानामुळे परिचारिकेच्या कृतीत फरक पडला का, हात धुण्याचे प्रमाण वाढले का, संसर्ग कमी झाला का? हे प्रश्न सिनॉप्सिस लिहिताना विचारले तर त्याच दोन वर्षांत, तेवढ्याच श्रमात छापण्याजोगे काम होऊ शकते. प्रबंध पूर्ण झाल्यावर विचारले तर उशीर झालेला असतो. त्यामुळे प्रकाशनाची तयारी सिनॉप्सिसच्या दिवशीच सुरू होते.

उपाय निष्प्रभ ठरला, असा निष्कर्ष निघाला तरी काम वाया जात नाही. पद्धत काटेकोर असेल तर ‘याचा उपयोग झाला नाही’ हेही पुढच्याला कळायला हवे. केवळ यशस्वी प्रयोगच छापले गेले तर त्या उपायाबद्दल सगळ्यांचीच समजूत चुकीची होते.

प्रबंध आणि शोधनिबंध यांत फरक काय?

प्रबंध परीक्षकासाठी असतो. विद्यार्थ्याने काय काय वाचले, काय काय केले हे सगळे त्यात दाखवायचे असते. त्यामुळे तो शंभर-दीडशे पानांचा होतो. शोधनिबंध कामात गुंतलेल्या वाचकासाठी असतो. त्याला साधारण तीन ते पाच हजार शब्दांत चार उत्तरे हवी असतात: प्रश्न का निवडला, अभ्यास कसा केला, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय. जगभरातील आरोग्यविषयक जर्नल प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा असे चार भाग मागतात ते यासाठीच.

प्रबंधातील पाने कमी करून शोधनिबंध होत नाही. तीस तक्त्यांपैकी तीन-चार निवडावे लागतात. साहित्याचा आढावा तीस पानांवरून तीन परिच्छेदांवर आणावा लागतो. नर्सिंगच्या सिद्धान्तांवरचे स्वतंत्र प्रकरण बहुधा पूर्णच वगळावे लागते. प्रबंधात तीन वेगळे प्रश्न हाताळले असतील तर सगळ्यात भक्कम प्रश्न घेऊन एक निबंध लिहिणे शहाणपणाचे. एकाच माहितीचे बारीक तुकडे करून पाच निबंध पाडणे हा मात्र संपादकांच्या लेखी गैरप्रकार आहे.

काय लिहिलेच पाहिजे याच्या तयार याद्या उपलब्ध आहेत. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या चाचणीसाठी ‘कन्सॉर्ट’, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’, मुलाखतींवर आधारित अभ्यासासाठी ‘कोरेक’, आधी झालेल्या संशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यासाठी ‘प्रिझ्मा’. ‘इक्वेटर नेटवर्क’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या एकत्र आणि मोफत मिळतात. अनेक जर्नल निबंधासोबत ही यादी भरून मागतात.

मराठी भाषक भागात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. वेदना, चिंता, जीवनमान मोजण्याच्या बहुतेक प्रश्नावल्या मूळ इंग्रजीत असतात. त्या मराठीत आणताना आधी मराठी अनुवाद, मग दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत अनुवाद आणि दोन्हींची तुलना अशी पद्धत वापरावी लागते. मूळ हक्कधारकाची परवानगीही घ्यावी लागते. असा अनुवाद नीट तपासून प्रसिद्ध केला तर तो स्वतःच उपयुक्त शोधनिबंध ठरतो. कारण मग पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खात्रीची मराठी प्रश्नावली तयार मिळते.

तीन पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिकेला हे शक्य आहे का?

वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेपुढची अडचण विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी आहे. तिच्याकडे प्रश्न भरपूर असतात, वेळ नसतो. नाइट ड्यूटी संपवून घरी गेल्यावर संगणकासमोर बसणे सोपे नाही. संख्याशास्त्राचा अभ्यास सुटून वर्षे झालेली असतात आणि संशोधन हे डॉक्टरांचे किंवा कॉलेजातल्या प्राध्यापकांचे काम, हा समज वॉर्डातही असतो.

तरीही माहिती तिच्याच हाताखालून जाते. सलाईनची सुई किती दिवसांनी बदलली, हात कुठे सुजला, बेडसोअर कधी दिसले, रुग्ण खाटेवरून पडला का, औषध देताना चूक झाली का, कॅथेटरमुळे किंवा व्हेंटिलेटरमुळे किती जणांना संसर्ग झाला, या नोंदी गुणवत्ता मानांकन घेतलेल्या रुग्णालयांत महिन्याच्या महिन्याला होतातच. त्या नोंदी संशोधनाचा कच्चा माल आहेत.

सलाईनच्या जागी येणारी सूज ० ते ५ गुणांत मोजण्याचा ‘व्हीआयपी स्कोअर’ आज अनेक भारतीय रुग्णालयांत वापरला जातो. तो इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या रुग्णालयात काम करणारे परिचारक अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये ‘नर्सिंग टाइम्स’ या व्यावसायिक नियतकालिकात मांडला होता. रोजच्या कामातील एक साधी अडचण आणि तिच्यावरचा वापरता येईल असा तक्ता, एवढाच त्याचा आवाका.

अशा कामाला ‘क्वालिटी इम्प्रूव्हमेंट’ म्हणतात. समजा, एखाद्या जिल्हा रुग्णालयात जन्मल्यानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण कमी आहे. प्रसूती कक्षातील परिचारिका आधी चार आठवडे नोंद ठेवतात. उशीर का होतो हे शोधतात. एक छोटा बदल करतात, म्हणजे बाळाचे वजन नंतर करून त्याला आधी आईच्या छातीवर देतात. पुन्हा नोंद ठेवतात. फरक पडला तर बदल कायम करतात, नाही तर दुसरा करून पाहतात. दिल्लीच्या एम्सने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने याच पद्धतीचे प्रशिक्षण साहित्य तयार केले आहे. ‘बीएमजे ओपन क्वालिटी’सारख्या जर्नलमध्ये भारतातील रुग्णालयांचे असे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. असे काम कसे लिहावे याची ‘स्क्वायर’ नावाची यादीही आहे.

परवानगी कुणाची, आणि कधी?

इथे अनेकांची गाडी अडते. माणसांवर, त्यांच्या नोंदींवर किंवा त्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यासासाठी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी माहिती गोळा करण्यापूर्वी घ्यावी लागते. काम झाल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही आणि मंजुरी क्रमांक नसेल तर चांगले जर्नल निबंध वाचतही नाही. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आधारभूत आहेत. २०१९ च्या नियमांनुसार अशा समित्यांची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आवश्यक आहे. आपल्या संस्थेची समिती नोंदणीकृत आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

संस्थेतील गुणवत्ता तपासणीसारख्या कामांना आयसीएमआरच्या तत्त्वांत सवलत मिळू शकते. पण सवलत द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते. संशोधकाने स्वतःच ठरवून पुढे जाऊ नये. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. ‘सिस्टरांनी सांगितले म्हणून सही केली’ ही संमती नव्हे. उपचार देणारी आणि संशोधन करणारी व्यक्ती एकच असेल तर नकार दिला तरी सेवेत फरक पडणार नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगणे अधिकच गरजेचे ठरते.

उपाय करून त्याचा परिणाम तपासायचा असेल, मग तो व्यायाम असो, मसाज असो की समुपदेशन, तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआयवर नोंदणी करावी. ती मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण अभ्यासात घेण्यापूर्वीच नोंदणी होते, नंतर स्वीकारली जात नाही. ही एक पायरी राहिली म्हणून दोन वर्षांचे काम अनेक जर्नलच्या दारातून परत येऊ शकते.

लेखक म्हणून नाव कुणाचे?

वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने यासाठी चार अटी घातल्या आहेत. अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करण्यात सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि कामाच्या प्रत्येक भागाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही अटी पूर्ण करणारा लेखक. बाकीच्यांचे आभार मानायचे.

या निकषावर पाहिले तर ज्या विद्यार्थिनीने आखणी केली, माहिती जमवली आणि निबंध लिहिला तिचे नाव आधी येणे स्वाभाविक आहे. मार्गदर्शन आणि दुरुस्त्या करणाऱ्या गाइडचे नाव त्यानंतर येते. केवळ पद आहे म्हणून प्राचार्यांचे, विभागप्रमुखांचे किंवा मेट्रनचे नाव घालणे या अटींत बसत नाही. उलट बाजूही आहे. नोंदी ठेवणाऱ्या स्टाफ नर्सने आखणीत आणि लेखनातही भाग घेतला असेल तर तिला आभारांच्या ओळीत ढकलणेही चुकीचे. नावांचा क्रम काम सुरू होतानाच कागदावर ठरवला तर पुढचे वाद टळतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचे नाव लेखक म्हणून देता येत नाही, असे याच समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले. इंग्रजी सुधारण्यासाठी असे साधन वापरले असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसे सांगावे. त्याने दिलेले संदर्भ मात्र एकेक करून स्वतः तपासावेत, कारण अस्तित्वात नसलेले शोधनिबंधही ते बेधडक सुचवते.

बनावट जर्नल कसे ओळखायचे?

पदवीनंतरच्या नोकरीसाठी, बढतीसाठी ‘पब्लिकेशन’ मागितले जाते. या गरजेवर एक बाजार उभा राहिला आहे. पैसे घ्यायचे, समीक्षा न करता चार दिवसांत छापायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. कोलोरॅडो विद्यापीठातील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, असे नाव दिले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक जर्नल वगळली. त्यानंतर आणलेली ‘यूजीसी-केअर’ यादीही आयोगाने बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि लेखकांवर आहे.

धोक्याच्या काही खुणा अशा:

- ‘आदरणीय डॉक्टर’ अशा मायन्याने, भलत्याच विषयासाठी लेख मागणारा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश.
- दोन-तीन दिवसांत प्रकाशनाची हमी. खऱ्या समीक्षेला आठवडे, बहुतेकदा महिने लागतात.
- आयएसएसएन क्रमांकाची जाहिरात. तो फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे.
- ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी विशेषणे लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर.
- शुल्क किती हे आधी न सांगता निबंध स्वीकारल्यावर मागणे.
- नर्सिंग, अभियांत्रिकी, वाणिज्य, संस्कृत असे सगळे विषय एकाच अंकात.

खात्री करण्याचे मार्गही आहेत. जर्नल ‘मेडलाइन’ किंवा ‘स्कोपस’मध्ये असल्याचा दावा असेल तर तो त्या यादीतच जाऊन तपासावा. सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या जर्नलसाठी ‘डीओएजे’ ही निर्देशिका आहे. नर्सिंग संपादकांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने नर्सिंग जर्नलची वेगळी यादी ठेवली आहे. नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही असतात, त्यामुळे दुवा संदेशातून न उघडता स्वतः शोधावा.

नुकसान केवळ पैशांचे नसते. एकदा छापलेला निबंध दुसरीकडे देता येत नाही. तिथे तो कुणी शोधत नाही, कुणी विश्वासाने वाचत नाही. ज्या रुग्णांनी वेळ दिला, प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांची माहितीही त्याबरोबर वाया जाते.

निबंध पाठवल्यावर काय होते?

आधी जर्नलचा विषय आणि वाचक पाहावेत. भारतातील परिचारिकांपर्यंत पोहोचायचे असेल तर देशातील जर्नल योग्य. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचे ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे ‘इंडियन जर्नल ऑफ कंटिन्युइंग नर्सिंग एज्युकेशन’ही आहे. प्रश्न जागतिक स्वरूपाचा आणि पद्धत भक्कम असेल तर ‘जर्नल ऑफ ॲडव्हान्स्ड नर्सिंग’सारख्या आंतरराष्ट्रीय जर्नलचा विचार करता येतो. एका वेळी एकाच जर्नलकडे निबंध पाठवायचा, हा नियम सगळीकडे आहे.

संपादक प्रथम वाचून विषयाबाहेरचे निबंध तिथेच परत करतात. उरलेले दोन-तीन समीक्षकांकडे जातात. थेट स्वीकार क्वचितच होतो. बहुतेकदा ‘मोठ्या दुरुस्त्या करा’ असे उत्तर येते आणि पहिल्यांदा लिहिणारे इथेच खचतात. वास्तविक दुरुस्त्या मागणे म्हणजे दार उघडे असणे. प्रत्येक शेऱ्याला क्रमाने उत्तर द्यावे: काय बदलले, कुठे बदलले आणि एखादी सूचना मान्य नसेल तर का. नकार आला तरी समीक्षकांचे शेरे वापरून निबंध सुधारावा आणि दुसरीकडे पाठवावा.

खर्चाबाबतही गैरसमज आहे. ग्राहकांच्या वर्गणीवर चालणारी अनेक जर्नल लेखकाकडून पैसे घेत नाहीत. सर्वांना खुल्या असलेल्या काही जर्नलचे शुल्क मोठे असते, पण सवलतीसाठी अर्ज करता येतो. वाचनाची अडचण सरकारी संस्थांपुरती कमी होत आहे. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार जर्नल खुली झाली आहेत. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि छोट्या रुग्णालयातील परिचारिका अजून त्याबाहेर आहेत.

काय बदलायला हवे?

यातले बरेच बदल फार खर्चाचे नाहीत. प्रबंधासोबत जर्नलला पाठवण्याजोगा मसुदा मागितला तर तो मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी एकत्र असतानाच तयार होईल. एमएस्सीच्या प्रबंधांची शोधता येईल अशी यादी विद्यापीठाच्या पातळीवर असेल तर तेच विषय पुन्हा पुन्हा घेतले जाणार नाहीत. नर्सिंग महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय बहुधा एकाच आवारात असतात. प्राध्यापकांना संख्याशास्त्र येते, वॉर्डातल्या परिसेविकेला खरा प्रश्न माहीत असतो. महिन्यातून एक तास दोघांनी एकत्र बसून एक शोधनिबंध वाचला तरी सुरुवात होऊ शकते. आणि संशोधनासाठी दिलेला तास ड्यूटीत धरला गेला पाहिजे. तो सुट्टीच्या दिवसातून काढावा लागला तर फार जण पुढे येणार नाहीत.

सुरुवात करू इच्छिणाऱ्या परिचारिकेसाठी पहिली पायरी छोटी आहे. आपल्या वॉर्डात वारंवार दिसणारी एक अडचण निवडायची, ती कशी मोजता येईल ते ठरवायचे, एथिक्स कमिटीला विचारायचे आणि चार आठवडे न चुकता नोंद ठेवायची. हँडओव्हरच्या वहीत आज ‘आयव्ही साइट सुजली, बदलली’ एवढेच लिहिले जाते आणि पान उलटले जाते. ती सूज किती जणांना, कितव्या दिवशी आणि कोणत्या औषधानंतर येते, हे महिनाभर मोजले गेले तर पुढच्या रुग्णाचा हात सुजण्याआधी सुई बदलता येईल. आणि ते छापून आले तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णालयातही.